आईबाप हरवले आहेत

कामशेतच्या चौकात हल्ली एक भलंमोठं होर्डिंग लागलंय. तळ्याकाठी उंच इमारती, गॅलरीत चहा पिणारं एक गोरंगोमटं जोडपं, आणि त्यांच्या पाठीमागे आमचा मोठा पाळणा. ऐतिहासिक पाळणा जतन केला जाईल, असं वर ठळक लिहिलंय. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की तो केवळ शोभेसाठी आहे. म्हणजे फिरणार नाही. मी वडापाव घ्यायला तिथे थांबलो की ते बारीक अक्षर पुन्हा वाचतो आणि पुन्हा तेवढाच चिडतो. बायको म्हणते, "तुम्हाला काय तिथे फ्लॅट घ्यायचाय?" नाही घ्यायचा. पण उमेदीची सगळी वर्षं ज्या पाळण्याच्या सावलीत काढली, तो असा जागच्या जागी बांधून घातलेला बघवत नाही.

हा पाळणा ज्या बागेत होता, तिथे मी फोटोवाला होतो. माझ्याकडे एक लाकडी विमान होतं. निळं, पांढऱ्या पट्ट्याचं, पुढे एक सीट, मागे एक सीट. जमिनीपासून हातभर उंच. अख्ख्या मावळातली लग्नं, साखरपुडे, बारशी त्या विमानात बसून गेली. पुढे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि लोक माझ्याच विमानात बसून आपापल्या फोनवर फोटो काढायला लागले. तरी मी दुकान बंद केलं नाही. घरी बसून करणार काय?

बागेचं कागदावरचं नाव मोठं होतं, पण खंडाळ्यापासून वडगावपर्यंत सगळे पाळणाबागच म्हणायचे. ती जुन्या शेठजींनी काढलेली. शेठजींना समुद्राचं वेड आणि जमीन मिळाली लोणावळ्याच्या अलीकडे, तळ्याकाठी. त्यांनी मग तळ्यालाच समुद्र करायचं ठरवलं. कोकणातून ट्रकच्या ट्रक वाळू आणून काठावर पसरली आणि तिला चौपाटी म्हणायला लावलं. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. ती वाळू तळ्यात गेली ती गेलीच. पण चौपाटी हे नाव राहिलं. चिखलात उभं राहून भेळ खाणारी माणसं फोनवर सांगायची, "चौपाटीवर आहे, ये."

आता मात्र डोळे मिटले की मला पाळणा दिसायच्या आधी आवाज ऐकू येतो. झाडाझाडांवर बांधलेल्या भोंग्यांमधून येणारा विमलमावशीचा आवाज.

विमल बेडशाची. वयाने माझ्याहून लहान, पण सगळी बाग तिला मावशी म्हणायची म्हणून मीही म्हणायचो. नवरा कारखान्यात होता, तो लवकर गेला. एक मुलगी, ती लग्न होऊन चिंचवडला. मावशी रोज सकाळी टमटमने कामशेतला यायची आणि तिथून गाडीने पुढे. बागेत ती लागली होती झाडायला. एके दिवशी माइकवर बोलणारा माणूस आला नाही, आणि कोणीतरी मॅनेजरला सांगितलं की ही बाई जयंतीला गावात गाणी म्हणते, आवाज खणखणीत आहे. तिला उचलून माइकच्या खोलीत बसवलं. ती मग तिथून उठली नाही.

माइकची खोली म्हणजे माझ्या विमानाच्या शेजारची पत्र्याची खोपटी. आत एक टेबल, एक खुर्ची, भिंतीवर बुद्धाचं एक छोटं चित्र, आणि खाऱ्या शेंगदाण्यांचा डबा. बाहेर सावलीत एक बाक. माइकवर ती रोज सकाळी स्वच्छ धुतलेला रुमाल गुंडाळायची. बोलण्याआधी एक वेलदोडा दाढेखाली धरायची. का, तर आवाजाला वास चांगला येतो म्हणे. मी म्हटलं, "मावशी, भोंग्यातून वास जात नाही." ती म्हणाली, "तुमाला काय ठावं? तुमी फोटूवालं."

तिच्याकडे दोन आवाज होते. माइकवरचा आवाज पुण्याचा. "बागेत आलेल्या सर्व पाहुण्यांनी कृपया इकडे लक्ष द्यावं." ण कुठे न झाला नाही, ह कुठे सांडला नाही. आणि त्याच वाक्याच्या मधोमध माइकवर हात ठेवून दुसरा आवाज, बेडशाचा: "ए बाब्या, नाक पूस आन् गप बस की हितं! लय वळवळ करतंय." हात काढला की पुन्हा पुणं. कधीकधी हात नीट बसायचा नाही आणि मग अख्ख्या बागेला बाब्याच्या नाकाची बातमी कळायची.

तिचं मुख्य काम हरवलेल्या मुलांचं. रविवारी गर्दी इतकी असायची की दुपारपर्यंत तिच्या बाकावर दोन-तीन मुलं असायचीच. आधीचा माणूस साधी घोषणा करायचा, अमुक नावाचा, तमुक रंगाचा शर्ट घातलेला मुलगा हरवला आहे. मावशीने पहिल्याच दिवशी घोषणा केली, "चिंचवडचे एक आईवडील हरवले आहेत. वडिलांच्या अंगात चौकडीचा शर्ट आहे. त्यांनी घाबरून जाऊ नये. त्यांचा मुलगा माइकच्या खोलीजवळ सुखरूप आहे आणि त्यांची वाट बघतो आहे."

मॅनेजर धावत आला. "अहो बाई, मूल हरवलं असं सांगायचं असतं!"

मावशी म्हणाली, "साहेब, पोरगं तर हितं माज्यासमोर बसलंय. शेंगदानं खातंय. त्ये कुटं हरवलंय? हरवलेत त्येचे आईबाप. त्येच कुटंतरी बोंबलत फिरत असत्याल."

मॅनेजर तसाच तडक निघाला. त्याने शेठजींकडे तक्रार नेली. शेठजी चौपाटीवर खुर्ची टाकून बसलेले होते, त्यांनी सगळं भोंग्यावर ऐकलंच होतं. ते पोट धरून हसले आणि म्हणाले, "बाई म्हणते ते बरोबर आहे. चालू द्या." तेव्हापासून पाळणाबागेत मूल कधीच हरवलं नाही. हरवायचे ते आईबाप.

याची गंमत अशी की घोषणा झाली की गर्दीतून चौकडीचा शर्ट घाईघाईने निघायचा आणि आजूबाजूचे लोक ओरडायचे, "हे बघा, सापडले!" बाप लाजेने अर्धा व्हायचा आणि मुलावर उगारलेला हात खाली यायचा. आणि मुलांचं तर विचारूच नका. रडून लाल झालेलं मूल भोंग्यातून आपलेच आईबाप हरवल्याचं ऐकायचं आणि एकदम गप्प व्हायचं. डोळे पुसून सरळ बसायचं. जबाबदारी पडली ना! एकदा एक चिमुरडा धावत आलेल्या आईला काळजीने विचारत होता, "तू रडलीस का गं?" मी विमानाच्या आड जाऊन डोळे पुसले. मावशीने पाहिलंच. "फोटूभाऊ, धूर गेला का काय डोळ्यात?"

मुलांसाठी तिचा एकच उपदेश. "हरवलं की हलायचं न्हाई. जितं चुकामूक झाली तितंच बसायचं. शोधनारा तितंच येतोय." हा नियम ती स्वतःही पाळायची. बाग बंद होईपर्यंत ती खोपटीपासून दहा पावलं लांब जायची नाही. मी किती वर्षं तिच्या मागे लागलो होतो, मावशी, एकदा विमानात बसा, तुमचा फोटो काढतो. दरवेळी एकच उत्तर. "नगं बाबा. मी वर गेले आन् पोरं आली तर मला कुटं शोधत्याल?" वर म्हणजे हातभर वर.

मूल ताब्यात द्यायचीही तिची एक रीत होती. ती मुलाला कधीच उचलून आईबापाच्या हातात द्यायची नाही. मूल बाकावरून आपलं आपण उठून त्यांच्याकडे गेलं पाहिजे. बहुतेक मुलं धावत सुटायची, प्रश्नच नसायचा. पण एकदा एक मोठे साहेब आले. गाडीवर दिवा, मागे दोन माणसं. नातू हरवला होता, म्हणजे मावशीच्या भाषेत साहेब हरवले होते. नातू बाकावर बसलेला. त्याने आजोबांकडे पाहिलं आणि मान फिरवली. साहेब म्हणाले, "चल." नातू ढिम्म. मागचा माणूस त्याला उचलायला पुढे झाला तशी मावशी मधे उभी राहिली. "त्येच्या पायानं येऊ द्या."

साहेब चढ्या आवाजात म्हणाले, "मी कोण आहे माहीत आहे का?"

"मला ठावं हाय. त्येला इचारा."

मला वाटलं, संपली हिची नोकरी. पण ती शांतपणे आत गेली आणि साहेबांसाठी एक बुटकं स्टूल घेऊन आली. वर मूठभर शेंगदाणे त्यांच्या हातात दिले. साहेब इकडे तिकडे बघत त्या स्टुलावर बसले. गुडघे हनुवटीला लागले. मग कळलं की आइस्क्रीमवरून त्यांनी नातवाच्या एक ठेवून दिली होती, म्हणून तो हात सोडून गेला होता. बराच वेळ दोघं शेंगदाणे खात बसले. शेवटी नातू उठला, आजोबांच्या मुठीतून एक दाणा घेतला आणि तिथेच त्यांना टेकून उभा राहिला. साहेब जाताना मावशीला हात जोडून गेले. मावशी मला म्हणाली, "बघा, आपल्या पायानं गेलं की परत हरवत न्हाईत."

मुद्दाम हरवणारी गिऱ्हाइकंही होती. वडिवळ्याकडच्या एका शाळेची सहल दर वर्षी यायची, आणि त्यातली एक मुलगी शेंगदाण्यांच्या आशेने दर वर्षी बाकावर येऊन बसायची. मावशीने विचारलं, "आगं, तुजे आईबाप आलेच न्हाईत, तर हरवत्याल कसे?" मुलगी विचारात पडली. मावशीने माइक ओढला. "सहलीला आलेले एक गुरुजी हरवले आहेत. त्यांनी घाबरून जाऊ नये." त्या गुरुजींना गावात लोक अजून विचारतात म्हणे, गुरुजी, सापडलात का?

असे दिवस होते. मग लॉकडाऊन आलं आणि भोंगे गप्प झाले. बाग पुन्हा उघडली तेव्हा थंडी पडायला लागली होती. त्याच सुमारास एका रविवारी सोनाआजी आली.

छोट्या आगगाडीजवळच्या कठड्यावर ती सकाळपासून बसलेली होती. नऊवारी लुगडं, गळ्यात तुळशीची माळ, मांडीवर कापडी पिशवी. दुपारी कुणीतरी तिला हाताला धरून मावशीकडे आणलं. नाव विचारलं तर म्हणाली सोनाबाई. गाव? "नदीकडंला." कोणती नदी? "पानी असतं बगा तिला." बरोबर कोण आहे? "ल्योक आन् सून. येतो म्हनलेत."

मावशीने वेलदोडा दाढेखाली धरला. "सोनाबाईंचे चिरंजीव आणि सूनबाई हरवले आहेत. त्यांनी घाबरून जाऊ नये. सोनाबाई माइकच्या खोलीजवळ सुखरूप आहेत." ही घोषणा त्या दिवशी किती वेळा झाली ते सांगता येणार नाही. बाग रिकामी झाली. कोणी आलं नाही. पोलीस आले, लिहून घेऊन गेले, एखाद्या आश्रमाचं बघू म्हणाले. तोवर आजीला ठेवायचं कुठे? मावशी म्हणाली, "माज्या घरी."

टमटममध्ये बसताना तिने आजीला स्पष्ट विचारलं. मी तिथेच होतो. "आजी, तुमच्या गळ्यात माळ हाय. आमी बौद्ध हाय. आमच्यात खायला चालंल का?"

आजी म्हणाली, "भात हाय का?"

"हाय की. इंद्रायणी."

"मऊ करशील?"

यावर जातिधर्माची सगळी चर्चा संपली. आश्रमाचं पुढे कोणी बघितलं नाही, आणि मावशीनेही कोणाला आठवण केली नाही. आजी बेडशात राहिली. लेण्यांच्या वाटेवर मावशीचं घर, ओट्यावर आजी ऊन खात बसायची. माइकवर मावशी बोलते फार स्वच्छ, म्हणून आजी तिला मास्तरीण समजली आणि तीच हाक मारत राहिली. "ए मास्तरनी, च्या ठिव."

आणि दर रविवारी मावशी आजीला बागेत घेऊन यायची. बाकावर बसवायची. मुलांच्या मधोमध आजी, हातात शेंगदाणे. दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा भोंगे बोलायचे, सोनाबाईंचे चिरंजीव आणि सूनबाई हरवले आहेत. आजी मान वर करून ऐकायची. झालं की पदराने तोंड पुसायची आणि म्हणायची, "चला, सांगून झालं." त्या संध्याकाळी ती पोटभर जेवायची, असं मावशी सांगायची. एखाद्या रविवारी बेत चुकला की आठवडाभर ती दाराकडे बघत बसायची आणि ताटातलं अर्धं टाकायची.

बागेतले सगळे हसायचे. मागून, अर्थात. आजीला तिच्या लोकांनी सोडून दिलंय हे शेंबड्या पोराला कळत होतं. फक्त विमलमावशीला कळत नव्हतं, असं आमचं मत. आयुष्यभर हरवलेल्यांशी व्यवहार केलेली बाई, तिला टाकून दिलेलं माणूस ओळखू येईना. मी आपला गप्प होतो. तिच्याशी या विषयावर बोलायची छाती नव्हती.

मग बाग विकली गेली. शेठजी जाऊन किती वर्षं झाली होती, नातवंडांना समुद्र कुठेही बघता येत होता. लोक मोठ्या वॉटर पार्कला जायला लागले होते. जमिनीला मात्र सोन्याचा भाव आला होता. आम्हा सगळ्यांना एक दिवस भेळेच्या शेडमध्ये बोलावलं आणि कंपनीच्या एका तरुण अधिकाऱ्याने भिंतीवर चित्रं दाखवली. इमारती, बगिचा, तळ्याकाठचा रस्ता. त्या चित्रात माणसंही फिरत होती. सगळी सडपातळ, कोणाच्या हातात पिशवी नाही, कोणी काही खात नाही. मुलगा वागायला चांगला होता. तो म्हणाला, "काकामावशी, कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा."

सगळ्यांनी आपापल्या पुढच्या सोयीचं विचारलं, आणि त्यात चूक काहीच नव्हतं. पाळणेवाल्याला वॉचमनची नोकरी हवी होती, ती मिळालीही. मावशीने हात वर केला. "ह्यात पोरगं हरवलं तर सांगनार कोन?"

"मॅडम, त्यासाठी ॲप असेल."

मावशीने थोडा विचार केला. "मंग भोंगा तुमाला लागनार न्हाई. त्यो मला द्या. एक भोंगा, माइक आन् त्ये मशीन."

मुलाला वाटलं ती गंमत करतेय. तो हसला. मावशी हसली नाही. मग त्याने सांगितलं की पाळणा सोडून बागेतलं सगळं लोखंड आणि यंत्रं एका भंगारवाल्याला एकत्र देऊन झालीत, त्यातलं काही काढता येणार नाही. मावशी खाली बसली. तिचा चेहरा इतका उतरलेला मी कधीच पाहिला नव्हता.

त्या दिवशी मी तिच्या खोपटीत गेलो आणि इतकी वर्षं न बोललेलं बोललो. "मावशी, आता पुरे करा. येणार नाहीत ते. आजी हरवलेल्या नाहीत, त्यांना सोडून गेलेत लोक. तुम्हाला एवढंही कळत नाही का?"

मावशी माइकवरचा रुमाल सोडून घड्या घालत होती. म्हणाली, "भाऊ, मी आंधळी हाय व्हय? पयल्याच दिवशी तिची पिशवी मी उघडली. आत गोधडी व्हती. बागंत फिराया येताना कुनी गोधडी आनतं का?"

तिने रुमालाची आणखी एक घडी घातली.

"मला तवाच कळलंतं. पर तिला कसं सांगू, आजी, तुला टाकलं म्हनून? तुमीच सांगा, कोन सांगंल? म्हनून आपलं भोंग्यावर सांगते, त्ये हरवलेत. तिनं ऐकलं की तिला घास जातो. आता भोंगा ग्येला. पुढच्या रविवारी तिनं इचारलं, मास्तरनी, आज बोलावलं का न्हाईस, तर मी काय सांगू?" आणि माझ्यासमोर ती पहिल्यांदा रडली. मोठी माणसं रडतात तशी, आवाज न करता, हातातला रुमाल तोंडाला लावून.

मला माझीच लाज वाटली, आणि त्याहून जास्त वाटली ती माया. ही बाई वर्षानुवर्षं सगळ्या बागेचं हसू अंगावर घेत होती, एका म्हातारीला दोन घास जावेत म्हणून.

शेवटचा रविवार आला. बाग बंद होणार हे कळल्यामुळे तोबा गर्दी. लहानपणी माझ्या विमानात बसलेली माणसं आपली मुलं घेऊन आलेली. पाळण्याला एवढी मोठी रांग मी कधी बघितली नव्हती. दिवसभर मावशी बोलत होती, आईबाप हरवत होते, सापडत होते. आजी बाकावर, पिशवी मांडीवर. गोधडीसकट, नेहमीसारखी. दुपारची घोषणा झाली. आजी म्हणाली, "चला, सांगून झालं."

ऊन कलायला लागलं. पाळणा थांबला. लोक फाटकाकडे निघाले होते, तेवढ्यात भोंगे शेवटचे बोलले. माइकवरचा आवाज त्या दिवशीही पुण्याचाच होता, फक्त मधे मधे अडकत होता. "सर्व पाहुण्यांनी कृपया इकडे लक्ष द्यावं. सोनाबाईंचे चिरंजीव आणि सूनबाई..."

इथे आजी उठली. पिशवी बाकावर ठेवली, खांबाला धरून सरळ झाली आणि हळूहळू चालत खोपटीत गेली. इतक्या रविवारांत तिने त्या दाराच्या आत पाऊल ठेवलं नव्हतं. मावशी तिला बघून बोलायची थांबली. माइकवर हात ठेवायचं मात्र विसरली. त्यामुळे पुढचं सगळं आम्ही झाडांवरून ऐकलं.

"ऱ्हाऊ दे आता, विमल," आजी म्हणाली. मास्तरीण नाही, विमल. "नगं बलावू त्यांला. मी तुला घावले न्हवं का? लय झालं."

"आजी..."

"त्या दिशी घरून निघताना गोधडी म्याच भरलीती. मला ठावं व्हतं."

"मंग इतके दिस बाकावर बसायच्या कशाला?"

"तू येवढी मनापास्नं बलवायचीस. म्हनून बसायचे. चल, घरला जाऊ. भात मऊ कर."

फाटकाकडे चाललेली माणसं होती तिथे उभी राहिली होती. कोणी हसलं नाही. भोंग्यातून थोडी खरखर आली, मग मावशीचा आवाज आला. ना पुण्याचा ना बेडशाचा, कुठलाच धड नाही. "सोनाबाई सापडल्या आहेत. त्यांना कोणी शोधू नये." आणि माइक बंद झाल्याचा खट्ट आवाज झाला.

दोघी बाहेर आल्या. आजी पुढे, मावशी मागे. मी कॅमेरा गुंडाळत होतो. मावशी माझ्यासमोर उभी राहिली, डोळे लाल, आणि म्हणाली, "भाऊ, तुमचं इमान हाय का अजून?"

होतं. तेही मी भंगारात दिलं होतं, भंगारवाला दुसऱ्या दिवशी नेणार होता. मी ते पुसून दिलं. मागच्या सीटवर आजीला चढवलं, गोधडी मांडीवर. पुढच्या सीटवर विमलमावशी बसली. पदर सारखा केला, दोन्ही हातांनी चाक धरलं आणि समोर बघायला लागली. पाठीमागे थांबलेला पाळणा, त्याच्यामागे शेठजींचा समुद्र.

मी म्हटलं, "तयार? आता अजिबात हलायचं नाही."

आजीने पुढे वाकून विचारलं, "विमल, ह्ये कुटं चाललंय?"

मावशी मागे वळली. "बेडशाला. आपल्या घरी."

नेमकं तेव्हाच माझं बोट दाबलं गेलं. दोघीही हलल्या. फोटो हललेला आलाय, चेहरे नीट दिसतही नाहीत. आमच्या घरात भिंतीवर लावलेला माझ्या हातचा तेवढा एकच फोटो आहे.